कंत्राट बदललं, माणूस तोच

दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत ठेकेदाराचा कारकून भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर एक फाइल चढवतो. तिला 'ईसीआर' म्हणतात. साधा मजकूर, रंग नाही, रेघोट्या नाहीत. एका कामगाराची एक ओळ, ओळीत अकरा तुकडे, आणि दर दोन तुकड्यांमध्ये #~# अशी खूण. आधी बारा आकडी यूएएन, म्हणजे कामगाराचा निधीतला क्रमांक, मग नाव, मग एकूण पगार. पुढे निधीसाठी धरलेला पगार, पेन्शनसाठी धरलेला, विम्यासाठी धरलेला. मग भरलेल्या तीन रकमा. त्यानंतर बिनपगारी खाड्यांचे दिवस आणि सगळ्यात शेवटी परत भरलेला अग्रिम. पिरंगुटच्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यापाशी महिनाभर उभं राहिलेल्या बाईचा सगळा महिना या ओळीत बसतो. तिनं किती दिवस घरी काढले, हेही या ओळीला ठाऊक असतं. फक्त ती कुठल्या कारखान्यात उभी होती, ते तिथे लिहिलेलं नसतं. ओळ ठेकेदाराच्या कोडखाली जाते. कारखान्यासाठी अकरांत जागा नाही.

कंत्राटी कामगारांसाठी जी मनुष्यबळ-प्रणाली लिहिली जाते, तिचं खरं काम या गाळलेल्या जागेपासून सुरू होतं. कायम कामगाराचं सॉफ्टवेअर दोन पक्षांचं असतं: कंपनी आणि माणूस. इथे तिसरा उभा राहतो, आणि त्या तिसऱ्यामुळे नाव, हजेरी, रजा, पगार, नोकरी सुटणं या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ बदलतो. माझ्या मते चांगल्या आणि वाईट रचनेतला फरक एकाच ठिकाणी ठरतो. सगळ्या नोंदींच्या मुळाशी कंत्राट ठेवलं आहे की माणूस?

हा विषय समजून घ्यायला मुळशी तालुक्यासारखी जागा नाही. एका अंगाला हिंजवडी आणि माण, जिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारतींमध्ये अशा प्रणाली लिहिल्या जातात. दुसऱ्या अंगाला पौड रस्त्यावरचे पिरंगुट, उरवडे, भरे, कासार आंबोली, जिथल्या कारखान्यांच्या गेटवर माणसं अशा प्रणालींत नोंदली जातात. हिंजवडीतही प्रणाली लिहिणाऱ्याच्या टेबलाखालचा कचरा उचलणारी बाई, कॅन्टीनमधला पोऱ्या, बसचा ड्रायव्हर, गेटवरचा गार्ड हे सगळे कंत्राटावरच असतात, आणि शेजारच्या खुर्चीतला इंजिनिअरही पुष्कळदा 'थर्ड पार्टी पेरोल'वर असतो. लिहिणारा आणि लिहिला जाणारा एकाच लिफ्टमधून वर जातात.

पहिला पडदा उघडला की तो सर्वांत आधी काय विचारतो ते पाहावं. अनेक प्रणालींची पहिली चौकट ठेकेदाराच्या कोडची असते. मग वर्क ऑर्डरचा नंबर, मग संख्या: हेल्पर ४०, ऑपरेटर १२, हाऊसकीपिंग ६. ही रचना खरेदी विभागाच्या पोटी जन्मलेली आहे. तिथे माणसं नगावर येतात, आणि चाळिसातला एक गेला आणि दुसरा आला तरी ऑर्डरच्या दृष्टीनं काहीच घडलेलं नसतं. याच्या उलट बांधलेली प्रणाली मी पाहिली तेव्हा थांबून पुन्हा पाहिली. तिथे आधी माणूस नोंदवायचा, एकदाच. मग त्याच्या नावाखाली ठेकेदार जोडायचा, 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा घालून. ठेकेदार गेला की 'पर्यंत' भरायचं आणि खाली नवी ओळ. माणसाचा क्रमांक तोच, फोटो तोच, सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याची तारीख तीच. संगणकाच्या दृष्टीनं दोन तक्त्यांची जागा बदलली, एवढंच. पण या रचनेत सहा वर्षं एकाच यंत्रावर काम केलेल्या माणसाची सहा वर्षं दिसतात. पहिल्या रचनेत तोच माणूस चार ठेकेदारांकडचा चार वेळा 'नवीन' असतो.

मग नावाची चौकट. ती साधी वाटते आणि सगळ्यात जास्त दगा देते. पिरंगुटच्या गेटवर मावळातला, मराठवाड्यातला, बिहारचा, ओडिशाचा असे सगळे एका रांगेत असतात. कुणाच्या नावात वडील आणि आडनाव, कुणाला आडनावच नाही, कुणाच्या नावापुढे नुसतं 'देवी' किंवा 'कुमार'. लग्नानंतर बाईचं आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, निधीच्या खात्यात तिसरं. निधीचे पैसे काढायच्या दिवशी एका इंग्रजी अक्षराचा फरक निघतो आणि अर्ज परत येतो. याचं टोक मुंबईनं पाहिलं आहे. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांची लढाई कचरा वाहतूक श्रमिक संघानं लढली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तरीही त्यांतल्या अनेकांचं कायम होणं अडून राहिलं, कारण यादीतलं नाव आणि कागदावरचं नाव जुळत नव्हतं. वर्षानुवर्षं कुणी तरी घाईनं लिहिलेलं स्पेलिंग न्यायालयाच्या निकालापेक्षा जड ठरलं.

म्हणून नावाच्या चौकटीत मला कौतुक वाटतं ते एका छोट्या सोयीचं. प्रणाली नाव चार ठिकाणचं मागते, म्हणजे आधारवरचं, बँकेतलं, निधीतलं आणि माणूस स्वतः सांगतो ते. ती चारही शेजारी शेजारी दाखवते, आणि फरक असेल तर कामाला लागायच्या आठवड्यातच लाल करते. दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच भरला तर अर्ध्या तासाचं काम असतं. सात वर्षांनी, ठेकेदार गाव सोडून गेल्यावर, तेच काम करताना माणूस कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो. लाल रंगाचा इतका सार्थ वापर मी फार थोड्या पडद्यांवर पाहिला आहे.

गेटवर अंगठा. अंगठ्याच्या यंत्राची एक गोष्ट टाइम ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत असते: ज्यांचा हात जास्त राबतो त्यांचा अंगठा यंत्राला कळत नाही. सिमेंट, सोडा, भांडी घासायची पावडर, गरम पत्रा, रेषा झिजतात. यंत्र तीनदा नाही म्हणतं, मागची रांग ओरडते, आणि माणूस आत जातो तो नोंदीशिवाय. महिन्याच्या शेवटी तो खाडा ठरतो. म्हणून रचनाकाराची पारख यंत्र 'नाही' म्हणतं त्या क्षणी होते. चांगल्या प्रणालीत तिसऱ्या नकारानंतर आपोआप चेहऱ्याचा फोटो घेतला जातो, वेळ धरली जाते, आणि नोंद 'तपासायची आहे' या खान्यात पडते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी तपासलं नाही तर हजेरी कामगाराच्या बाजूनं धरली जाते. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा हे इथे कुणी तरी ठरवलं आहे, आणि ज्यानं ठरवलं त्याला गेटवरची रांग ठाऊक असली पाहिजे.

मुळशीतला पाऊसही या पडद्यात उतरावा लागतो. ताम्हिणीकडून ढग येतात तेव्हा वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. हजेरी यंत्रातच साठवून लाइन आल्यावर वर पाठवणं ही सोय पुण्यातल्या डेमोत कुणी विचारत नाही. आषाढात मात्र सगळी हजेरी तिच्यावर उभी असते. आणि आषाढातच भातलावणी येते. मुळशी-मावळचा आंबेमोहर लावायचा तर चिखल तयार असेल त्याच दिवसांत लावायचा. गावाकडची माणसं तेव्हा कारखान्यात येत नाहीत, येऊ शकत नाहीत. बिहारची माणसं त्यांच्या वेळेला, छठपूजेसाठी, गावी जातात. बहुतेक प्रणालींत सलग दहा दिवस अंगठा लागला नाही की गेटपास आपोआप बंद होतो आणि माणूस 'सोडून गेला' असा नोंदवला जातो. परत आल्यावर त्याला पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा पहिला दिवस. इथे 'हंगामी गैरहजेरी' असा एक पर्याय आधी कळवून घेण्यासाठी ठेवला, तर पास झोपतो पण मरत नाही. मुळशीत बसून प्रणाली लिहिणाऱ्याला हे सुचायला खिडकीतून माणच्या खाचरांकडे पाहणं पुरेसं आहे.

गेटच्या पडद्यावर आणखी एक आकडा असतो, बहुधा कोपऱ्यात: या क्षणी आत किती माणसं. त्याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. ७ जून २०२१ ला उरवड्यातल्या रासायनिक कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, बहुतेक बायका. देह ओळखण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. अशा दुपारी अग्निशमनाचे जवान पहिला प्रश्न हाच विचारतात: आत किती आहेत, आणि कोण? कायम कामगारांचं मस्टर कंपनीकडे, कंत्राटींचं ठेकेदाराकडे, दिवसाच्या बदलीवर आलेल्यांचं मुकादमाच्या वहीत, अशी तीन ठिकाणी हजेरी असेल तर त्या प्रश्नाला उत्तर देईपर्यंत वेळ निघून गेलेला असतो. म्हणून तो कोपऱ्यातला आकडा पडद्याच्या मध्यभागी हवा. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नको. त्याच्या मागे नावं हवीत, विभाग हवेत, घरच्यांचे फोन हवेत, आणि ती यादी कारखान्याबाहेरच्या एखाद्या फोनवरही उघडता आली पाहिजे, कारण टाइम ऑफिस स्वतःच धुरात असू शकतं. ही सोय ज्या प्रणालीत नाही तिच्या बाकीच्या गुणांबद्दल बोलायला मला आवडत नाही.

आता रजेच्या अर्जाकडे येऊ, कारण कंत्राटी कामगारांच्या प्रणालीतली सगळ्यात गुंतागुंतीची रचना तिथे आहे. हेल्परला दोन दिवस सुट्टी हवी आहे. अर्ज कुणाकडे जावा? काम कंपनीच्या सुपरवायझरच्या हाताखाली चालतं, माणूस त्याच्याच डोळ्यांसमोर असतो. साहजिक उत्तर त्याच्याकडे. पण वकील इथे लगेच हात धरतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडिया या निकालात खरा मालक कोण हे पाहण्यासाठी सहा प्रश्न मांडले: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढून टाकायचा अधिकार कुणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतं, सेवेत सातत्य आहे का, आणि नियंत्रण व देखरेख किती व कुणाची. प्रणालीतल्या एकेका बटणाला या सहांपैकी एखादा प्रश्न चिकटलेला आहे. कंपनीच्या सुपरवायझरनं रजा मंजूर केल्याच्या हजार नोंदी उद्या न्यायालयात कंत्राट खोटं असल्याचा पुरावा होऊ शकतात. म्हणून जाणकार रचनाकार रजेचा अर्ज ठेकेदाराच्या माणसाकडे पाठवतो. कंपनीच्या सुपरवायझरला फक्त 'उद्या चौदा ऐवजी तेरा' एवढं कळतं. शिस्तीचे पडदेही तसेच. कंपनी तक्रार नोंदवू शकते, शिक्षा देऊ शकत नाही.

ही रचना मी पुष्कळदा वाचली आहे, आणि तिच्यातली कारागिरी मला मान्य करावीच लागते. एकच घटना दोघांना दोन वेगळ्या रूपांत दाखवणं, आणि तरीही आकडा चुकू न देणं, सोपं नाही. पण तिच्यात एक धोका आहे आणि तो रचनाकारानंच ओळखला पाहिजे. पडद्यावर ठेकेदाराच्या माणसाचं नाव आणि त्याच्या लॉगिनवर कंपनीचाच टाइम कीपर बसलेला, असं झालं तर प्रणालीनं खरं झाकायला मदत केली. जी प्रणाली प्रत्येक मंजुरीमागे कुठल्या यंत्रावरून, कुठल्या वेळी, कुणाच्या हातानं ती झाली हे न पुसता ठेवते, ती दोन्ही बाजूंशी प्रामाणिक राहते. कंत्राट खरं असेल तर तिच्या नोंदी ते खरं ठरवतील. खोटं असेल तर तेही.

'२४० दिवस' हा शब्दप्रयोग पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात शाळा न शिकलेल्या माणसालाही माहीत आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सेवा सलग वर्षाची धरली जाते. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर तात्पुरत्या आणि बदली कामगाराचं कायम होणं याच आकड्याला बांधलं गेलं. त्यातूनच 'ब्रेक' जन्माला आला: सातव्या महिन्यात माणसाला घरी पाठवायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा बोलवायचं, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. सॉफ्टवेअर विकत घेणारा म्हणूनच हमखास मागतो ती सोय म्हणजे २१० किंवा २२० दिवस झाले की सूचना. आकड्याचं गणित सोपं, सोय एका दुपारीत लिहून होते. पण ती कुणाला जाते? ती फक्त मनुष्यबळ विभागाला जात असेल तर तिचा एकच उपयोग होतो, आणि तो सगळ्यांना माहीत आहे. तीच संख्या कामगाराच्या फोनवरही दिसत असेल, आणि ठेकेदार बदलला तरी शून्यावर न जाता पुढे चालत असेल, तर तेच गणित वेगळं बोलू लागतं. मग ब्रेक देणाऱ्याला माहीत असतं की ज्याला दिला त्यालाही मोजता येतं. मी रचनाकार असतो तर या एका आकड्यासाठी भांडलो असतो.

सगळ्यात जास्त अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की माणसाला मुळाशी ठेवणारी रचना महाराष्ट्रानं संगणकाशिवाय बांधून दाखवली आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमाल एका व्यापाऱ्याचा नसतो. आज या गाळ्यात, उद्या त्या. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत ज्या माणसांसाठी उभी राहिली, त्यांच्यासाठी कायद्यानं मंडळ नेमलं. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, टोळीचीही मंडळाकडे. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार. मालक दिवसाला चार बदलले तरी माणसाचं खातं एकच राहतं. १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांसाठीही मंडळाची हीच वाट धरली गेली. आज हिंजवडीत कुणी 'मल्टि-एम्प्लॉयर वर्कर प्रोफाइल' अशी सोय अभिमानानं दाखवतो, तेव्हा मला मार्केट यार्डातल्या टोळीची वही आठवते. मंडळांच्या कारभारात काय बिघडलं याची चर्चा वेगळी आणि तीही व्हावी. पण त्या वहीची मांडणी आजच्या बहुतेक डेटाबेसपेक्षा शहाणी आहे.

संख्येच्या उंबऱ्याबद्दल थोडक्यात. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होई. महाराष्ट्रानं तो उंबरा ५० वर नेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, आणि हा विषय व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला, तिथेही ५० च. मुंबईच्या कचरा कामगारांच्या प्रकरणात काम छोट्या छोट्या ठेकेदारांत असं वाटलं होतं की कुणाकडेही वीस भरू नयेत. म्हणून प्रणालीनं प्रत्येक ठेकेदाराची संख्या वेगळी दाखवावी आणि त्याखाली एकूणही दाखवावी. एकाच पत्त्यावरचे, एकाच मालकाचे तीन ठेकेदार असतील तर तेही दिसावं.

आता पगार. १९७० च्या कायद्यातली एक तरतूद मला नेहमीच हृद्य वाटत आली आहे: ठेकेदार पगार वाटेल तेव्हा मूळ मालकाचा प्रतिनिधी तिथे हजर राहील, आणि इतकी रक्कम माझ्यासमोर दिली गेली असं लिहून सही करील. ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मूळ मालकानं द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा. जबाबदारी ठेकेदारापाशी संपत नाही, हे त्या सहीत होतं. पगार बँकेत जाऊ लागल्यावर 'माझ्यासमोर' उरलं नाही. त्या सहीच्या जागी प्रणालीनं काय ठेवलं, यावरून मी तिला जोखतो.

हलकी प्रणाली ठेकेदाराकडून चलनाची स्कॅन केलेली पावती घेते, हिरवी खूण उमटवते, बिल पुढे सरकतं. पावतीत एकूण रक्कम असते, माणसं नसतात. चाळिसांपैकी सव्वीस जणांचा निधी भरला तरी पावती पावतीसारखीच दिसते. मन लावून केलेली प्रणाली ठेकेदाराची ईसीआर फाइलच मागून घेते आणि तिची एकेक ओळ फोडून गेटच्या हजेरीशी लावते. या माणसानं गेटवर सव्वीस दिवस अंगठा लावला, ओळीत खाड्यांचे दिवस बारा कसे? या बाईनं तीस तास ओव्हरटाइम केला, एकूण पगारात दुप्पट दरानं तो दिसत नाही. ही चौघं गेटवर आहेत, फाइलमध्ये नाहीत. ही दोघं फाइलमध्ये आहेत, गेटवर कधीच आली नाहीत. दोन कोरड्या याद्या समोरासमोर ठेवल्या की त्यांच्या फटीतून महिनाभराचं खरं बाहेर येतं. या पडद्यावर सजावट शून्य असते आणि माझ्या मते अख्ख्या प्रणालीत याहून देखणा पडदा नसतो.

पण त्याच पडद्याच्या शेजारी बिलाचा पडदा असतो, आणि दोघांच्या तारखा भांडतात. कामगाराचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. ठेकेदाराचं बिल कंपनी ४५ दिवसांनी देते, कुठे साठ. मधले दिवस ठेकेदारानं स्वतःच्या भांडवलावर काढायचे. छोट्या ठेकेदाराकडे ते भांडवल नसतं. तो मग पगार लांबवतो, निधी बुडवतो किंवा व्याजानं पैसे उचलतो. ठेकेदाराला लबाड समजून लिहिलेल्या प्रणाली पुष्कळ आहेत. त्याची अडचण समजून लिहिलेली सोय क्वचित दिसते: बिलातला पगाराचा भाग वेगळा काढायचा, हजेरी जुळली की तो आधी, थेट पगाराच्या तारखेला सोडायचा, आणि ठेकेदाराचं कमिशन नेहमीच्या मुदतीनं. कंपनीच्या लेखा विभागाला हे पटवणं अवघड जातं. पण कंत्राटी कामगाराचा पगार वेळेवर करणारी याहून परिणामकारक सोय मला माहीत नाही.

पडद्याला न दिसणारंही असतं. खात्यात पूर्ण पगार जमा होतो, आणि संध्याकाळी एटीएमच्या दारात मुकादम उभा असतो. ठरलेला हिस्सा रोख परत घेतो. काही ठिकाणी कार्डं त्याच्याच खिशात असतात. सगळ्या नोंदी हिरव्या, सगळी जुळणी चोख. यावर एकच सोय थोडीफार उपयोगी पडते: पगाराची चिठ्ठी कामगाराच्या स्वतःच्या फोनवर, त्याला वाचता येईल त्या भाषेत, आणि तिच्याखाली तक्रारीचा असा एक क्रमांक जो ठेकेदाराकडे जात नाही. मराठी, हिंदी, ओडिया. दर, दिवस, ओव्हरटाइमचे तास, कपात कशाची, उचल किती राहिली. वाचता न येणाऱ्यासाठी ती चिठ्ठी बोलूनही दाखवता येते आता. किती मिळायला हवं होतं हे माणसाला नेमकं ठाऊक असलं, तर मुकादमालाही हात पुढे करताना विचार करावा लागतो.

शेवटचा पडदा नोकरी सुटण्याचा. तिथे कारण विचारणारा ड्रॉपडाउन असतो आणि त्यातला पहिला पर्याय आधीच निवडून ठेवलेला असेल तर तो कुठला, हे बघावं. 'स्वतःहून सोडली' असा असेल, तर घाईतला कारकून शेकडो माणसांच्या नावावर त्यांनी न दिलेले राजीनामे लिहून ठेवेल, आणि त्याला तसा हेतूही नसेल. चौकट रिकामी ठेवणं, आणि कारण कामगाराच्या फोनवर पाठवून त्याचा होकार घेणं, ही दोन ओळींची सुधारणा आहे. वेतन संहितेनं नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब द्यायला सांगितलं आहे. तोही घड्याळ लावून या पडद्यावरच दिसायला हवा.

आणि इथेच सेवेचा दाखला छापण्याचं बटण असावं. १९७० च्या कायद्याखालच्या नियमांत तो नमुना होता: ठेकेदाराचं नाव, काम कुठे आणि कशा स्वरूपाचं, कामगाराचं नाव, वय, ओळखखूण, कधीपासून कधीपर्यंत, काय काम केलं, पगाराचा दर. सुंदर नमुना, आणि जवळजवळ कुणालाच हातात न मिळालेला. दिला तरी 'काय काम केलं' या रकान्यात 'हेल्पर' लिहून मोकळे होतात. प्रणालीला तर सगळं माहीत असतं: कुठल्या विभागात किती दिवस, कुठल्या यंत्रावर, कुठलं प्रशिक्षण कुठल्या तारखेला. त्यातूनच रकाना भरला, तर उरवड्यातून भऱ्याला गेलेल्या बाईच्या हातात चार वर्षं फिलिंग मशीन चालवल्याचा, तारखांसह, सहीचा कागद असतो. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या आहेत. तो कागद टेबलावर ठेवल्यावर नव्या गेटवरच्या टाइम कीपरला तिला अकुशलच्या पायरीवर लिहायचं असेल, तर का लिहिलं हे त्याला सांगावं लागेल.